आधी लॉक उघडा, मग केबल
अँड्रॉइड फोनची स्क्रीन बिघडली तर केबल लावून कॉम्प्युटरवर फोटो ओढून घ्या, हा नेहमीचा सल्ला अर्धाच कामाचा आहे. अँड्रॉइड 6 पासून केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो. लॉक उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. म्हणजे घोडं अडतं ते लॉकपाशीच.

चित्र दिसतंय पण टच मेलाय, तर ओटीजी अडॅप्टरला (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) साधा माउस जोडा. स्क्रीनवर बाण उमटतो. पॅटर्न असेल तर डावं बटण दाबून धरून रेघ ओढायची. माझा हात दोनदा घसरला, तिसऱ्यांदा उघडलं. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर माउसऐवजी कीबोर्ड: स्पेस, पिन, एंटर. आंधळी कोशिंबीरच म्हणा! पण अंदाजाने पिन ठोकत बसू नका, फोन काही वेळ अडवून ठेवतो. काळ्या स्क्रीनऐवजी फोनचं चित्र टाइप-सी पोर्टमधून टीव्हीवर बघता येतं, पण तेही काही मॉडेल्समध्येच.

आणि ‘चिप काढून डेटा देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो, त्याची किल्ली त्याच फोनच्या हार्डवेअरशी बांधलेली. त्यापेक्षा कामापुरती नवी स्क्रीन बसवून घेणं बरं. फक्त दुरुस्तीवाल्याला रिसेट मारू देऊ नका, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करू देऊ नका.