पापणीवरची खड्यासारखी गाठ: पायलोमॅट्रिक्सोमाचा कोणाला अनुभव?

लेकीची_आई:
मुलगी नऊ वर्षांची. गणपतीच्या सुमारास डाव्या वरच्या पापणीत, भुवईकडच्या बाजूला मुगाएवढा दाणा आला. रांजणवाडी समजून सासूबाईंनी लवंग उगाळून लावली, मी शेक दिला. पण ना दुखणं, ना पू. एका डॉक्टरांनी कॅलॅझिऑन (पापणीतली तेलग्रंथी तुंबून येणारी गाठ) म्हणून महिनाभर मलम दिलं, मग जागा बधिर करून चीर दिली. आतून खडूच्या भुकटीसारखं काहीतरी निघालं. ते तपासायला पाठवलंच नाही, याचा राग अजून आहे. आता गाठ वाटाण्याएवढी आहे, निळसर-लाल, भातातल्या खड्यासारखी टणक. दुसऱ्या डॉक्टर बाई म्हणतात पायलोमॅट्रिक्सोमा, कॅन्सर नाही, पण पूर्ण भूल देऊन काढू. कॅन्सर नाही तर काढायची कशाला? आणि व्रण? घरात आत्तापासून 'लग्नाच्या वेळी' सुरू झालंय.

निवृत्त_नेत्रवैद्य:
ताई, ही केसाच्या मुळातल्या पेशींची गाठ. 1880 साली फ्रेंच डॉक्टर मालेर्बनी तिचं वर्णन केलं तेव्हा ती तेलग्रंथीची समजत. केसाच्या मुळाशी असलेलं नातं 1961 मध्ये फोर्बिस आणि हेलविग यांनी दाखवलं, तेव्हापासून हे नाव.

फरक बोटाला कळतो. कॅलॅझिऑन पापणीच्या आतल्या कडक पट्टीत असतं, वरची कातडी त्यावर सरकते. ही गाठ कातडीलाच चिकटलेली, खालून मोकळी. एक कड दाबा, दुसरी वर येते, सी-सॉसारखी. तुमच्या लेकीची गाठ भुवईकडे, तेव्हा पहिल्याच दिवशी शंका यायला हवी होती. असो. खडू म्हणजे आत साचलेलं कॅल्शियम. शेकून ते विरघळत नाही.

काढायची कारणं दोन. ती आपणहून जात नाही, वाढली की वरची कातडी पातळ होते. दुसरं, नक्की निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. सुईने काढलेल्या नमुन्यात या पेशी कधी कधी कॅन्सरसारख्या दिसतात, म्हणून अख्खी गाठ पाठवलेली बरी. खरवडू नये, सगळी काढावी; मग ती क्वचितच परत येते. छेद पापणीच्या घडीत घेता आला तर व्रण घडीत लपतो. कातडी फार चिकटली असेल तर तेवढा तुकडा जाईल, हे आधी विचारून ठेवा. अंगावर आणखी अशा गाठी असतील तर तेही सांगा.

जाता जाता: आजी-आजोबांना त्याच जागी पुन्हा पुन्हा 'कॅलॅझिऑन' झालं तर तपासणीशिवाय सोडू नका. तिथे तेलग्रंथीचा कॅन्सर लपलेला असू शकतो.

मिरजेचा_बाबा:
आमच्या मुलाची भुवईखाली होती. सकाळी उपाशी नेलं, संध्याकाळी घरी. टाके विरघळणारे होते. ऑपरेशनपेक्षा भूल उतरतानाचं रडणं जास्त लक्षात आहे. दोन महिने रेघ लाल होती, आता मलाच शोधावी लागते.

लेकीची_आई:
सगळ्यांचे आभार. मंगळवारी झालं. घडीतूनच काढली, वरची थोडी कातडी गेली. रिपोर्ट आला: पायलोमॅट्रिक्सोमा, कडा मोकळ्या, म्हणजे गाठ पूर्ण निघाली. त्यात 'शॅडो सेल्स' लिहिलंय, ते काय?

निवृत्त_नेत्रवैद्य:
मेलेल्या पेशी. मधलं केंद्रक गेलेलं, त्या जागी नुसता फिकट ठसा. या गाठीची ती ठळक खूण.

लेकीची_आई:
हे तिला सांगितलं. गाठ बाटलीतून लॅबला गेली म्हणून रुसून बसली होती, तिला ती वर्गात दाखवायची होती. आता स्लाइडचा फोटो मागतेय.