एकच नाव, एकच आडनाव, दोन नामवंत. जोड्या सुचवा (गणपतीतल्या क्विझसाठी पाहिजेत)

परळनाका
मंडळी मदत पाहिजे. आमच्या चाळीच्या गणपतीत पाचव्या दिवशी रात्री आरतीनंतर प्रश्नमंजुषा असते, मजला विरुद्ध मजला, आणि तीन वर्षं झाली माईक माझ्याच गळ्यात मारलाय. गेल्या वर्षी सोपा म्हणून एक प्रश्न टाकला, सुधीर जोशी कोण? माझ्या चिठ्ठीवर उत्तर होतं अभिनेते, 'अशी ही बनवाबनवी'मधले घरमालक विश्वासराव सरपोतदार. दुसऱ्या मजल्याची पोरं बरोब्बर तेच ओरडली, मी दहा गुण लिहायला खडू उचलला आणि तळमजल्यावरचे एक आजोबा खुर्चीतून उठले. म्हणाले सुधीर जोशी म्हणजे मुंबईचे महापौर, १९७३ साल, शिवसेनेचे, स्थानीय लोकाधिकार समितीवाले, आमच्या वेळच्या पोरांना बँकांमधून नोकऱ्या कशा लागल्या ते आधी माहिती करून घे आणि मग माईक धर.

आता दोघंही बरोबर! मी दोन्ही मजल्यांना पाच पाच देत होतो, तर पहिला मजला मधे पडला की एका प्रश्नाला दोन उत्तरं म्हणजे प्रश्नच बाद. पाऊण तास चाललं हे. शिरा गार, बायका वैतागल्या, लहान पोरं मांडवातच झोपली.

म्हणून यंदा अख्खी एक फेरी यावरच ठेवतोय. अट एकच, नाव आणि आडनाव दोन्ही सेम टू सेम पाहिजे, दोघंही खरोखर प्रसिद्ध, आपल्या चाळीतल्या माणसाला ओळखता येतील असे. माझ्याकडे सुधीर जोशी सोडून काहीच नाहीये.

चिवडागल्ली
राम कदम घे, मुंबईला चालेल असं नाव आहे. पोरांना विचारशील तर घाटकोपर पश्चिमचे आमदार म्हणतील, आणि म्हातारी मंडळी 'पिंजरा'चे संगीतकार म्हणतील, १९७२चा सिनेमा. आमचे बाबा मात्र कायम गंडायचे. टीव्हीवर खाली पट्टी फिरायची, राम कदम यांचं वक्तव्य वगैरे, आणि हे पेपर खाली ठेवून विचारायचे, अरे ते जाऊन किती वर्षं झाली, आता काय बोलले?

विरारफास्ट
सचिन!! तेंडुलकर, पिळगांवकर, खेडेकर. झाली फेरी.

चिवडागल्ली
भाऊ अट वाच. आडनाव पण सेम पाहिजे. नुसतं पहिलं नाव घेतलं तर वसंतवरच रात्र जाईल, वसंत देसाई, वसंत प्रभू, वसंत पवार, तीन तर संगीतकारच झाले, वर वसंत कानेटकर, वसंत बापट, वसंत सबनीस. त्या काळात पोरगा झाला की वसंत ठेवायचा असा नियमच होता बहुतेक.

विरारफास्ट
बरं बाबा सॉरी. पण तेंडुलकरचं नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलंय हे तरी विचार, चांगला प्रश्न आहे.

घाटकोपरचीसून
सगळ्यात सोपी जोडी कुणीच कशी लिहिली नाही अजून?? सोनाली कुलकर्णी! एक 'दोघी', 'दिल चाहता है', 'देऊळ'वाली आणि दुसरी 'नटरंग'मधली अप्सरा, 'हिरकणी'वाली. दुसरी इंग्रजीत स्पेलिंग करताना शेवटी दोन ई लावते, पण त्याचा आपल्याला काय उपयोग, देवनागरीत दोघी एकदम सारख्या. आमच्या घरात सासूबाई एकीला 'ती मोठी' आणि दुसरीला 'ती नाचते ती' म्हणतात, त्यावर अजून कुणाचा गोंधळ झालेला नाही.

आणि परळनाका तुमच्या क्विझमध्ये गुणांवरून भांडण झालं एवढंच ना, आमच्याकडे याच्यापायी काय झालं ते ऐका. आमच्या ह्यांचं नाव आणि आडनाव इतकं कॉमन आहे की लोकलच्या डब्यात हाक मारली तर चार माना वळतात. दोन वर्षांपूर्वी रुटीन म्हणून रक्त तपासायला दिलं, एक लॅब आहे, नाव नाही सांगत. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला, उपाशीपोटी साखर ३१२. माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. गणपतीचेच दिवस होते, मी घरात एकवीस मोदक केलेले आणि ह्यांना एक नाही दिला, तीन दिवस नाचणीची भाकरी आणि कारल्याची भाजी. हे बिचारे काही बोलेनात, रात्री उठून फ्रिज उघडून नुसते बघत उभे राहायचे. चौथ्या दिवशी मी रिपोर्ट नीट वाचला तर वय ६७ लिहिलेलं, आमचे हे तेव्हा ४४. म्हणजे तो दुसऱ्याच कुणाचा! मधलं नाव छापलेलंच नव्हतं. मला आमच्यापेक्षा त्या माणसाची काळजी लागली हो, त्याच्याकडे आमच्या ह्यांचा रिपोर्ट गेला असणार आणि तो तिकडे मजेत श्रीखंड खात बसला असणार. लगेच लॅबला फोन करून त्यांना कळवायला लावलं. तेव्हापासून मी कुठेही गेले की वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगते, काउंटरवरची मुलगी कंटाळली तरी सांगते.

अलिबागी
ताई तीनशे बारा 😂 काकांना सलाम.

माझ्याकडून दोन घ्या. जयंत पाटील, हे तर रोजचंच आहे. एक इस्लामपूरचे, राष्ट्रवादीचे, राज्याचे अर्थमंत्री होते, राजारामबापूंचे चिरंजीव. दुसरे आमच्याकडचे, शेतकरी कामगार पक्षाचे. कित्येक वर्षं एक विधानसभेत आणि एक विधान परिषदेत, त्यामुळे बातमीत नुसतं जयंत पाटील आलं की आमच्याकडे आधी विचारतात, कुठले, आपले की सांगलीचे? शेकापमध्ये सगळेच एकमेकांना भाई म्हणतात, म्हणून भाई लागलं की आपले.

दुसरी जोडी उमेश कुलकर्णी. 'वळू', 'विहीर', 'देऊळ'चे दिग्दर्शक सगळ्यांना माहिती असतात, पण याच नावाचा एक डावखुरा फास्ट बोलर १९६७-६८ मध्ये भारताकडून चार टेस्ट खेळलाय, आणि जन्म कुठला? अलिबाग! हा प्रश्न टाकलात तर तुमचे तळमजल्याचे आजोबा खूश होतील, बाकी कुणाला येणार नाही.

आणि नावसारखेपणाचा खरा दणका बघायचा असेल तर २०१४ची रायगडची लोकसभा. अनंत गीते जिंकले २,११० मतांनी. हरले सुनील तटकरे. आणि त्याच मतदारसंघात सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उभा होता, त्याला ९,८४९ मतं पडली. तुम्हीच करा हिशोब. आमच्या गावात निकालाच्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो दुसऱ्याला विचारत होता, तू कुठल्या तटकऱ्यांचं बटण दाबलंस, आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत होता खऱ्याचं. मग ती नऊ हजार आठशे काय आभाळातून पडली?

परळनाका
हे भारीये. यावर बोनस प्रश्न करतो. पण २०१९ला निवडून आले ना तटकरे?

अलिबागी
हो आले. तोपर्यंत मशीनवर नावाशेजारी फोटो यायला लागले होते. २०१५ पासून निवडणूक आयोगाने सुरू केलं ते, सारख्या नावांमुळे गोंधळ होऊ नये म्हणूनच.

कट्टामास्तर
वाचतोय मघापासून. मी शिक्षक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वर्गात एका वर्षी माझ्याकडे चार संतोष होते, त्यातले दोन संतोष जाधव, त्यांना अख्खी शाळा 'खिडकीतला' आणि 'दारातला' म्हणायची. दहावीनंतर भेटायला आले तरी मी तेच म्हटलं आणि त्यांनीही ओ दिली.

आपल्याकडे या भानगडीवर जुना उपाय म्हणजे आद्याक्षरं. नुसतं पुरुषोत्तम देशपांडे म्हटलं तर कोण? पु. ल. म्हटलं की संपलं. पण पु. य. देशपांडे नावाचे मोठे कादंबरीकार होते, पुरुषोत्तमच, हे आज किती जणांना आठवतं? एका अक्षराचा फरक आणि एक सगळ्यांच्या घरात, दुसरे ग्रंथालयात. मला याचं वाईट वाटतं, असो. आणि आद्याक्षरंही दगा देतातच. ना. धों. महानोर आणि ना. धों. ताम्हनकर. एक रानातल्या कवितांचे, एक 'गोट्या'चे. पहिले नामदेव धोंडो, दुसरे नारायण धोंडो. माझ्या एका विद्यार्थ्याने पेपरात 'गोट्या'चे लेखक म्हणून महानोर लिहिलं होतं, मी अर्धा गुण दिला. आद्याक्षरं बरोबर होती ना.

तुम्ही परळचे आहात तर हेही विचारा, ना. म. जोशी मार्ग रोज तुडवता, ते ना. म. जोशी कोण? निम्मे लोक एस. एम. जोशी म्हणतील. एस. एम. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले. ना. म. म्हणजे नारायण मल्हार, कामगार पुढारी, १९२० साली आयटक ही देशभरातल्या कामगारांची संघटना स्थापन झाली त्यात त्यांचा पुढाकार. आणि तुमचे आजोबा तरीही त्याला डिलाईल रोडच म्हणत असतील, बरोबर?

शरद जोशी विसरू नका. मराठी माणसाला शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतील, पण हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी तितकेच मोठे, दूरदर्शनवरचं 'ये जो है जिंदगी' त्यांनी लिहिलेलं. कांद्याच्या भावावर आंदोलन करणारा माणूस विनोदी मालिका कधी लिहायचा असा प्रश्न मला एका शेजाऱ्याने खरोखर विचारला होता.

विरारफास्ट
मास्तर एक नंबर. आता मी पण नियमात बसणारं देतो, मोहन जोशी. आपले मराठी नाटक-सिनेमातले, आणि पुण्याचे काँग्रेसचे, २०१९ला लोकसभेला उभे होते ते. आणि 'मोहन जोशी हाजिर हो' मध्ये पण मोहन जोशींनीच काम केलंय, त्यामुळे आडनावासकट नाव सिनेमाला दिलं असा तो एकच माणूस असेल.

कॅसेटवाला
नाही रे मित्रा, इथे घसरलास. १९८४चा सिनेमा, सईद मिर्झांचा, त्यात मोहन जोशी नावाच्या म्हाताऱ्या भाडेकरूचं काम भीष्म सहानींनी केलंय, बायको दीना पाठक. बिल्डिंगची दुरुस्ती करत नाही म्हणून घरमालकावर केस टाकतात आणि तारखांवर तारखा. आपल्या मोहन जोशींचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण प्रश्न म्हणून झकास, शंभर टक्के लोक तुझ्यासारखेच फसतील. परळनाका हा शेवटच्या फेरीत ठेव, आणि चाळीत विचारतोयस तर घरमालकाचा विषय निघून पुन्हा पाऊण तास जाईल ते बघ.

माझ्याकडून विजय पाटील. एक डी. वाय. पाटील घराण्यातले, नेरुळच्या स्टेडियमवाले, २०१९ला मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. आणि दुसरे विजय पाटील तुम्ही सगळ्यांनी ऐकलेत पण नावाने ओळखत नाही, कारण ते म्हणजे संगीतकार रामलक्ष्मण! मुळात जोडी होती, राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे हे विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'ला त्यांचंच संगीत. सुरेंद्र लवकर गेले, पण यांनी नाव बदललं नाही, एकट्यानेच रामलक्ष्मण म्हणून काम करत राहिले. 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन', सगळं त्या एका माणसाचं. माझं कॅसेटचं दुकान होतं तेव्हा लोक येऊन म्हणायचे ते दोघं भाऊ आहेत ना, आणि मी सांगायचो एकच आहे तो, आणि नाव पाटील आहे. कुणाचा विश्वास बसायचा नाही. आता विचार कर, कव्हरवर 'संगीत – विजय पाटील' छापलं असतं तर महाराष्ट्रातल्या शंभर विजय पाटलांना अभिनंदनाचे फोन गेले असते.

घाटकोपरचीसून
पाटलांचं काय विचारता. आमच्या ईशान्य मुंबईचे खासदार संजय पाटील, पण नुसतं तसं कुणी म्हणतच नाही, संजय दिना पाटील, वडिलांच्या नावासकट एका दमात. कारण सांगलीला पण संजय पाटील खासदार होते, त्यांना काका लावतात, संजयकाका. दिना की काका एवढं कळलं की पुढे काही विचारावं लागत नाही.

चिवडागल्ली
संजयमध्येच संजय जाधव पण घ्या, 'दुनियादारी'चे दिग्दर्शक आणि परभणीचे खासदार. परभणीवाल्यांना बंडू म्हणतात सगळे.

ता. क. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लागतं. म्हणजे वीस वर्षांनी तुझ्या जागी जो माईक धरेल त्याचं काम सोपं होईल, मात्र नाव वाचेपर्यंत बझर वाजेल.

परळनाका
सगळ्यांचे आभार, फेरी तयार झाली. सोनाली, राम कदम, जयंत पाटील, उमेश, शरद जोशी, विजय पाटील, आणि फसवा प्रश्न मोहन जोशी. पु. य. देशपांडे आणि ना. धों. मास्तरांच्या नावाने बोनस. घाटकोपरच्या ताईंचं ऐकून प्रत्येक वेळी वडिलांचं नाव विचारायचं म्हटलं तर मला स्वतःलाच येणार नाही, त्यामुळे निवडणूक आयोगासारखं करणार, दोघांचे फोटो आधी दाखवायचे आणि मग प्रश्न. खजिनदार म्हणतो कलर प्रिंटचे पैसे मंडळ देणार नाही, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये काढ. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये दोन सोनाली!

विरारफास्ट
आणि त्या आजोबांचं काय केलंस? ते परत उठणार बघ.

परळनाका
त्यांनाच यंदा परीक्षक केलंय. कालच घरी जाऊन विचारून आलो. तयार झाले, पण म्हणाले पहिला प्रश्न सुधीर जोशीच पाहिजे, आणि जो मजला दोघांची नावं सांगणार नाही त्याचे पाच कापायचे.