मदत हवी: अंदमान दोन दिवसांत कसं बसवू? बोटीचं तिकीट आज रात्रीच काढायचं आहे

अडाणकाठ
राम राम मंडळी. अंदमानले जायचं हाय, हातात दोनच दिवस हायेत. हॅवलॉक, राधानगर बीच, सेल्युलर जेल, रॉस बेट, स्कुबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं) आणि जमलं त बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. क्रम कसा लावू? बोटीचं तिकीट आजच काढा लागते, जागा भरून राह्यल्या. लवकर सांगा.

पैनगंगा
भाऊ, महिना कोणता? वार कोणते? किती जण? विमान किती वाजता उतरते अन् परतीचं किती वाजता उडते? हे सांगितल्याबिगर क्रम लागत नाही.

धानपट्टी
दोन दिवसांसाठी अंदमान कशाला? लक्षद्वीप पाहा. कोचीहून अगत्तीला छोटं विमान, दीड तास. अगत्तीचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, कमरेएवढं, पाणी काचेसारखं, लाट नाही. फक्त प्रवेश परवाना आधी काढावा लागतो, भारतीयांनाही लागतो, आणि त्याला वेळ लागतो. बंगाराम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे. जहाजाने जायचं तर कोचीहून साधारण १४ ते २० तास.

अडाणकाठ
लक्षद्वीप नाई विचारलं, भाऊ. तिकिटं झाली हायेत. डिसेंबरचा तिसरा आठवडा. मंगळवारी साडेअकराले उतरतो, गुरुवारी दुपारी १.४० चं परत. क्रम सांगा फक्त.

हिंगणघाटी
म्हणजे पूर्ण दिवस एकच, बुधवार. मंगळवार अर्धा, गुरुवार सकाळपुरता. तुमच्या यादीतली निम्मी नावं इथेच गळतात.

बाराटांग काढूनच टाका. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास, पण मधला पट्टा जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांग नाक्यावरून गाड्या ठरल्या वेळी ताफ्यानेच सुटतात. पहिला ताफा धरायचा तर मध्यरात्रीनंतर उठून निघावं लागतं, परत येता संध्याकाळ होते. वाटेत थांबणं नाही, फोटो नाही, कोणाला काही देणं नाही. तो कायदा आहे आणि तो पाळायलाच पाहिजे.

रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, बुधवारी बंद असतं. तुमचा पूर्ण दिवस नेमका बुधवार. तेही गेलं.

वैनगंगा
मग सोपं आहे. मंगळवारी उतरल्या उतरल्या विमानतळावरून थेट धक्का, दुपारची बोट, हॅवलॉकला मुक्काम. बुधवारी दिवसभर राधानगर आणि एलिफंट बीच. बुधवारी संध्याकाळी परत. गुरुवारी सकाळी सेल्युलर जेल उघडल्या उघडल्या पाहायचं. जेल ते विमानतळ पाच-सहा किलोमीटर. साडेअकराला विमानतळावर. बसलं सगळं.

हिंगणघाटी
कागदावर बसलं. विमान दीड तास उशिरा आलं तर दुपारची बोट गेली, तिकिटाचे पैसे गेले, हॅवलॉकच्या खोलीचेही गेले. उतरण्याच्या दिवशी बोट ठेवूच नये.

वैनगंगा
सकाळच्या विमानाला उशीर कमी होतो. एवढं भिऊन कोणी फिरू शकत नाही. हॅवलॉकला रात्र काढली नाही तर राधानगरचा सूर्यास्त हुकतो, आणि लोक त्यासाठीच जातात.

निंबोळी
दोघेही थांबा हो. अडाणकाठ भाऊ, सोबत कोण आहे ते अजून सांगितलंच नाही तुम्ही. पैनगंगांनी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं.

अडाणकाठ
मी, घरची, पोरगा ९ वर्षांचा अन् माय ६४ ची. मायचे गुडघे दुखतात. तिले सेल्युलर जेल पाहायचंच हाय, बाकी कुठीबी चालते म्हणते. पोराले स्कुबा करा लागते, तो हट्टाले पेटला हाय. विहिरीत पोहतो तो चांगला.

निंबोळी
पोराचं स्कुबा होत नाही. किमान वय १० आहे, कोणी पैसे घेऊन उतरवत असेल तरी उतरवू नका. त्याला स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून वरूनच तरंगत खाली पाहणं, चालतं, लाइफ जॅकेट घालून.

विहिरीतलं पोहणं आणि समुद्रातलं वेगळं. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं ते बरं, पण विहिरीला ओढ नसते. पोराला कंबरेच्या वर पाण्यात एकटं सोडू नका. राधानगरला तर लाल झेंड्याच्या पलीकडे कोणीच जाऊ नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, म्हणून तिथे पोहण्याच्या जागेला जाळी लावलेली असते.

स्कुबा तुम्ही करा, पण बुधवारीच, दुपारच्या आत. गुरुवारी सकाळी चुकूनही नको. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तो पडायच्या आत विमानात बसलं तर हवेचा दाब कमी होऊन अंगात बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी लकवाही मारतो. एका डाइव्हनंतर कमीत कमी १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास विमान नाही. बुधवारी अकराला केली तर तुम्हाला २६ तास मिळतात. दमा, बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा, फॉर्ममध्ये लपवू नका. सर्दी असेल तर रद्दच करा, कान उघडत नाहीत.

मोर्शीकर
मिशी असली तर मास्कच्या कडेतून पाणी शिरते. काढायची नसल त नाकाखाली मिशीवर व्हॅसलिनचा जाड थर द्या, रबर चिकटते.

आता माझं ऐका. मायचे गुडघे अन् ९ वर्षांचं पोर असतानी हॅवलॉक कायले? नीलले जा. आताचं नाव शहीद द्वीप. हॅवलॉकले जेट्टीपासून राधानगर दहा-बारा किलोमीटर, टॅक्सी करा लागते, एलिफंट बीचले पुन्हा वेगळी बोट अन् त्या बोटीत चढ-उतर. नीलले भरतपूर बीच जेट्टीला लागूनच हाय, पायी जाता येते. तिथी काचेच्या बुडाची बोट मिळते. माय पाय ओला न करता बोटीत बसून प्रवाळ अन् मासोळ्या पाहते, पोरगा तिच्या बाजूले. बेट सपाट, शेतीचं. अंदमानातला बराच भाजीपाला तिथीच पिकते.

वैनगंगा
नीलला राधानगरसारखा किनारा नाही हे तरी मान्य करा.

मोर्शीकर
मान्य. पण सकाळी जाऊन दुपारी परत यायचं असल त राधानगरचा सूर्यास्त हॅवलॉकलेबी हाती लागत नाही. मग त्याच्यासाठी मायले का म्हणून हेंदकाळा?

धानपट्टी
पोर्ट ब्लेअर काय म्हणता सगळे, सप्टेंबर २०२४ पासून नाव श्री विजयपुरम आहे.

पैनगंगा
आहे. पण विमानाच्या तिकिटावर आयएक्सझेड हा विमानतळाचा कोड पाहा, विमानतळाचं नाव वीर सावरकर. बोटीच्या साइटवर कुठे जुनं नाव दिसतं, कुठे नवं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं २०१८ मध्ये. तिकीट काढताना दोन्ही नावं माहीत पाहिजेत, नाहीतर माणूस भलत्याच बेटाचं काढते.

हिंगणघाटी
नीलचा मुद्दा पटला. मग असं करा. मंगळवारी साडेअकराला उतरा, बॅगा खोलीवर टाका, जेवा, आणि जेल त्याच दुपारी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार बंद असतं, म्हणून दीडनंतर जा आणि चारच्या बरंच आधी आत शिरा. दोन तास तरी पाहिजेत.

आईंसाठी: सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, दगडी जिना आहे, लिफ्ट नाही. गुडघे साथ देत नसतील तर खाली पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मूळ सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या मधल्या मनोऱ्याला जोडलेल्या होत्या, आता तीन उरल्या आहेत. खालच्या मजल्यावरची कोठडी आत जाऊन पाहता येते. साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, झरोका डोक्याच्या कितीतरी वर. दाराचा अडसर बाहेर भिंतीच्या खोबणीत असा आडवा जातो की आतल्या माणसाचा हात गजांतून बाहेर आला तरी तिथवर पोहोचत नाही. तो अडसर आईंना हाताने सरकवून पाहू द्या. फाशीची खोली आणि तेलाचा कोलू खालीच आहेत. आपल्याकडे घाण्याला बैल लावत, इथे कैदी जुंपत आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल मागत.

संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम हिंदीचा घ्या, तिकीट आधी काढा. आणि अंधार लवकर पडतो हे लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच, पण अंदमान आपल्या दारव्ह्याच्या १५ अंश पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, सकाळी साडेपाचच्या आसपास उजाडतं. संध्याकाळी सहाला फिरायला निघू असं म्हणाल तर हाती काही लागणार नाही.

अडाणकाठ
दारव्हा कसं ओळखलं? बरं. मंगळवार जेल, बुधवार नील, गुरुवार सकाळी आराम. हे जमते. पण बुधवारी बोट लागली तर? मायले एसटीतबी उलटी होते.

निंबोळी
बोट सुटायच्या एक ते दोन तास आधी अ‍ॅव्होमिनची गोळी. आईंना बीपीच्या किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर तालुक्याच्या डॉक्टरला आधी विचारून घ्या, या गोळीने झोप येते. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि भरल्या पोटीही नको. दोन पोळ्या, वरून अद्रकाचा तुकडा चघळायला. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त. मोबाइलकडे पाहायचं नाही.

पैनगंगा
डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठू शकते. बोटी रद्द झाल्या तर पर्याय तयार ठेवा: कोर्बिन कोव्हचा किनारा किंवा चिडियाटापू, दोन्ही रस्त्याने होतात. म्हणून मी म्हणतो, परतीची बोट गुरुवारी सकाळची ठेवू नका. बुधवारीच पोर्ट ब्लेअर गाठा.

खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून, सरकारी फिनिक्स बे वरून. टॅक्सीवाल्याला धक्क्याचं नाव सांगा, नुसतं ‘जेट्टी’ म्हणू नका.

वैनगंगा
नीलला भरतपूरची काचेची बोट भरती-ओहोटीवर असते हे कोणीच सांगत नाही. पाणी उतरलं की प्रवाळ उघडे पडतात, बोट चालत नाही. उलट लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच पाहता येतो, आणि तिथे टोकेरी दगडांतून चालावं लागतं. म्हणजे एका वेळी एकच. त्या बुधवारची वेळ काढा, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आईंना पुलाकडे नेऊ नका.

मोर्शीकर
हे बरोबर सांगितलं. सकाळी भरती असल त आधी भरतपूर.

तुरीचीशेंग
मंडळी, विषयाबाहेर आहे, पण कापूस आता विकावा का जानेवारीपर्यंत ठेवावा?

पैनगंगा
त्यासाठी वेगळा धागा काढा.

हिंगणघाटी
अडाणकाठ भाऊ, एक राहिलं. चेन्नईपर्यंत कसे जाता? नागपूरहून विमानाने?

अडाणकाठ
नाई, रेल्वेनं. गाडी मंगळवारी सकाळी साडेसहाले चेन्नई सेंट्रलले पोहोचते, विमान सव्वानवाचं. ते मी नाई विचारलं, ते बरोबर हाय.

हिंगणघाटी
ते बरोबर नाही, आणि या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. विमानाचा बॅगा घेण्याचा काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे सव्वाआठला. सेंट्रलहून विमानतळाला थेट मेट्रो आहे, तरी फलाटावरून बॅगा, आई आणि पोर घेऊन खाली उतरणं, तिकीट, प्रवास, पलीकडे चालणं यात सव्वा तास धरा. म्हणजे गाडी वेळेवर आली तरी हातात अर्धा तास उरतो. उत्तरेकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी, तीही डिसेंबरात, दिल्लीकडच्या धुक्यामुळे तासभर सहज मागे पडते. विमान गेलं तर चौघांची तिकिटं गेली आणि बोटही गेली. आदल्या दिवशीची गाडी घ्या, सोमवारी सकाळी चेन्नईला पोहोचा आणि रात्र विमानतळाजवळ काढा.

अडाणकाठ
सोमवारचं आरक्षण आता मिळते का?

पैनगंगा
वेटिंग असल तर नागपूरऐवजी बल्लारशाहपासून पाहा, कोटा वेगळा असतो. सेवाग्राम, चंद्रपूरहूनही पाहून घ्या. तात्काळ एक दिवस आधी सकाळी उघडते, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला.

निंबोळी
सामानाचंही ऐका. सुकं खोबरं बॅगेत टाकू नका, त्याला तेल असल्याने पेट घेतं म्हणून अडवतात. लोणचं, ठेचा मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. लायटर, माचिस कुठेच नाही. परतताना किनाऱ्यावरचा शंख-प्रवाळाचा एक तुकडाही पोराच्या खिशात नको, विमानतळावर तपासतात आणि वन्यजीव कायद्याखाली अडकवतात.

अडाणकाठ
सोमवारची गाडी पाहिली, बल्लारशाहहून दोन आरएसी अन् दोन कन्फर्म मिळाल्या, काढल्या. आता बुधवारची नीलची सकाळची बोट अन् त्याच दिवशी दुपारची परतीची काढतो. पोराचं आधारवर नाव ‘ऋषिकेश’ हाय अन् शाळेत ‘हृषीकेश’. कोणतं टाकू?

हिंगणघाटी
आधारवरचं, अक्षर न अक्षर. विमानाच्या तिकिटावर वेगळं टाकलं असेल तर आजच विमान कंपनीला फोन करून दुरुस्त करून घ्या. धक्क्यावर मूळ आधारकार्ड मागतात, म्हणून चौघांचीही कार्डं एकाच पाकिटात हातातल्या बॅगेत ठेवा.