वाकड्या भिंती, कलते खांब: आत शिरून पाहिलेल्या इमारती

खिडकीशेजारी

रॉटरडॅमला दोन रात्री राहून आले, कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलेलं नाही, म्हणून हा धागा.

तिथली पिवळी घनघरं फोटोत बहुतेकांनी पाहिली असतील. पीट ब्लॉम या वास्तुरचनाकाराने चौकोनी घर उचलून एका कोपऱ्यावर उभं केलं आणि खांबावर नेऊन ठेवलं. अशी ३८ घरं १९८४ मध्ये पूर्ण झाली. एक घर म्हणजे एक झाड, सगळी मिळून जंगल, अशी त्याची कल्पना. कल्पनेला काय जातंय! भिंती जवळजवळ ५५ अंशांत कललेल्या आहेत, त्यांच्याशी संसार आपल्यालाच करायचा असतो. शेजारच्या मोठ्या ठोकळ्यांत वसतिगृह आहे, तिथे उतरलो होतो. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले आणि भिंत समोर नसून डोक्यावर आहे, हे ठण्ण झाल्यावर कळलं.

त्यातलं एक घर तिकीट काढून बघता येतं. शंभरेक चौरस मीटरचं घर, पण चौथा हिस्सा वाया, कारण तिथे माणूस उभाच राहू शकत नाही. पलंग, सोफा, फडताळ, सगळं त्या तिरकेपणाच्या मापाने करून घेतलेलं. खिडक्या मात्र झकास. खाली कललेल्या भिंतीतल्या खिडकीशी बसलं की वाकून न बघता रस्त्यावरची माणसं पायाखाली चालताना दिसतात. व्हिडिओ कॉलवर आईला सगळं फिरवून दाखवलं. तिचा एकच प्रश्न, "गोदरेजचं कपाट कुठं ठेवतात गं?"

तर नियम एवढाच, की लांबून फोटो काढलेल्या इमारती नकोत. आत जाऊन जेवला असाल, झोपला असाल, धडपडला असाल, तर लिहा. आणि कपाटाचंही सांगा.

डॅन्यूबकाठची

नियम पहिल्याच उत्तरात मोडते आहे. व्हिएन्नाच्या हुंडर्टवासर हाऊसमध्ये आत सोडत नाहीत, कारण ती नगरपालिकेची घरं आहेत आणि ५२ बिऱ्हाडं तिथे नांदतात. १९८५ मध्ये बांधून झालं. चित्रकार हुंडर्टवासरला सरळ रेघेचा भयंकर तिटकारा, त्यामुळे आतल्या बोळांची जमीनसुद्धा उंचसखल. गच्च्यांवर माती टाकून झाडं लावलीत आणि काही झाडं चक्क खोलीत लावून खिडकीतून बाहेर काढलीत. त्यांना तो भाडेकरू झाडं म्हणायचा.

बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पाच मिनिटं गप्प उभे राहिले, मग खिशातला नाडीचा तुकडा काढून त्याला किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि भर रस्त्यात ओळंबा धरला. जपानी पर्यटक बाबांचेच फोटो काढायला लागले. बाबांचा निकाल: "रंगाच्या रेघा वाकड्या आहेत. भिंत ओळंब्यात आहे. माणूस शहाणा असावा."

मला मात्र तिथला खिडकीचा हक्क सगळ्यात आवडतो. खिडकीतून हात जिथवर पोचेल तिथवरची बाहेरची भिंत भाडेकरूने हवी तशी रंगवावी, असं हुंडर्टवासरचं म्हणणं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत ग्रिलचा रंग बदलला म्हणून तीन नोटिसा आल्या होत्या.

टपालवाल्याची लेक

माझे वडील पोस्टमन. राजापूर तालुक्यातल्या वाड्या पायी करायचे. त्यामुळे फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा आयफेल राहिला तरी चालेल, पण ओतरीव्ह बघायचंच, असं नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

लिऑंच्या दक्षिणेला हे खेडं आहे. फर्दिनां शव्हाल हा तिथला टपालवाला, रोजची पायपीट तीसेक किलोमीटरची. १८७९ मध्ये वाटेत एका दगडाला ठेचकाळला. दगड दिसायला मजेशीर होता म्हणून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी सापडले. खिसे फाटायला लागले तशी टोपली आली, टोपली पुरेना तशी हातगाडी. दिवसा टपाल आणि रात्री बांधकाम, असं करत १९१२ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षं, एकट्याने महाल उभा केला. गवंडीकाम कुणी शिकवलेलं नव्हतं. गाव वेडा म्हणायचं.

जवळून बघितलं की अंगावर येतं. शिंपले, गोगलगायींचे शंख, नदीतले गोटे, सगळं गिलाव्यात एकेक करून बसवलेलं. तीन उंच राक्षस पहारा देतात, त्यांतला एक आर्किमिडीज! भिंतीत एके ठिकाणी मशीद आहे, स्विस घर आहे आणि एक हिंदू देऊळही आहे. त्या देवळाला आपल्याकडचा कुठलाच गुरव ओळखणार नाही. बिचाऱ्याने पाहिलं कुठे होतं? वाटायला आलेल्या टपालातली चित्रं, पोस्टकार्डं, हाच त्याचा जगाचा प्रवास. ठेच लागलेला तो पहिला दगड वर गच्चीत ठेवलाय, आणि हातगाडीला स्वतंत्र कोनाडा आहे. मरणानंतर त्याला महालातच पुरून घ्यायचं होतं. परवानगी मिळाली नाही. मग आणखी आठ वर्षं खपून गावाच्या दफनभूमीत स्वतःचं थडगं बांधलं आणि १९२४ मध्ये त्यात जाऊन झोपला.

बाबांना फोटो दाखवले. हातगाडीचा फोटो त्यांनी बराच वेळ मोठा करून बघितला. मग म्हणाले, "ते सगळं ठीक. टपाल वेळेवर पोचायचं का?"

कपाटाचा प्रश्न येत नाही. राहायला बांधलेलाच नव्हता.

चाळकरी

दादरला दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण वाढलो, तेव्हा टोकियोच्या नाकागिन टॉवरचं मला फार कौतुक वाटणार नव्हतंच. किशो कुरोकावाने १९७२ मध्ये बांधलेला. १४० डबे दोन मनोऱ्यांना चार-चार बोल्टांनी अडकवलेले. एक डबा म्हणजे आपली दहा बाय बारापेक्षाही जरा लहान खोली, पण एकट्या माणसासाठी! ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने २०१६ मध्ये आत जाता आलं. वॉशिंग मशीनसारखी गोल खिडकी, ती उघडत नाही. विमानातल्यासारखं न्हाणीघर, गरम पाणी कधीचं बंद. छताला गळतीचे डाग. कपाट, टेबल, टीव्ही सगळं एकाच भिंतीत बसवलेलं, तेव्हा खिडकीशेजारींच्या आईंना हे घर पसंत पडायला हरकत नाही.

पंचवीस वर्षांनी डबे काढून नवे बसवायचे, अशी मूळ योजना. एकही बदलला नाही. दुरुस्ती की पाडापाडी यावर मालकांचं वर्षानुवर्षं जुळेना. पागडीच्या चाळीत वाढलेल्याला ही गोष्ट नवीन नाही. २०२२ मध्ये पाडला.

अर्धवट आर्किटेक्ट

(तिसऱ्या वर्षी सोडलं, म्हणून हे नाव.) अहमदाबादची गुफा. बाळकृष्ण दोशींनी हुसेनच्या चित्रांसाठी जमिनीखाली बांधलेलं दालन. वरून दिसतात ते फक्त घुमट, कासवांच्या पाठींसारखे, त्यांवर चिनीमातीच्या फुटक्या लाद्या. कवच फेरोसिमेंटचं, म्हणजे लोखंडी जाळीवर थापलेल्या सिमेंटचं, जाडी जेमतेम इंचभर. आराखडा संगणकावर केला आणि काम साध्या हत्यारांनी मजुरांच्या हातून, हे आमच्या सरांचं आवडतं वाक्य होतं.

मे महिन्यात गेलो होतो. पायऱ्या उतरलो आणि उन्हाचा आवाजच बंद झाला, असं वाटलं. खांब झाडांसारखे कुठूनही कसेही उगवलेले, एकही उभा नाही. छतातल्या नळ्यांमधून उजेडाचे गोल जमिनीवर पडतात, ते दिवसभर सरकत असतात. एक लहान मुलगी त्या गोलांवरून लंगडी खेळत होती. चित्र टांगायला सपाट भिंतच नाही, मग हुसेननी गुफेच्या अंगावरच रंगवून टाकलं. मी दीड तास होतो, चित्रांकडे दहा मिनिटंसुद्धा बघितलं नसेल.

फिल्टर कॉफी

त्रिवेंद्रमचं कॉफी हाऊस, एसटी स्टँडजवळ. लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराचं. लाल विटांचं नळकांडं, आत मजलेच नाहीत, एकच चढण गोल गोल वर जाते. कडेने बांधीव बाकं-टेबलं, जाळीतून वारा. जमीन उतरती, टेबल सपाट, कॉफी सांडत नाही. तुरेवाला वेटर ट्रे घेऊन दिवसभर तो घाट चढतो-उतरतो. त्याच्या गुडघ्यांचं काय होत असेल, हा माझा प्रश्न.

बांगडा फ्राय

हैदराबादला मत्स्य विकास मंडळाची इमारत माशाच्या आकाराची आहे. डोळे, पर, सगळं. कामासाठी आत गेलो. आत टेबलं, फायली, पंखे. मासा फक्त बाहेरून! याला कल्पकता म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतलं कमळाच्या आकाराचं पाण्याचं टाकंही घ्या यादीत.

मोटेवरचा

लांब कशाला जाता? साताऱ्याजवळ लिंबला या. बारा मोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात विरूबाईसाहेब भोसल्यांनी आमराईसाठी बांधली. खोली ११० फूट, आकार अष्टकोनी, वरून पाहिलं तर शिवपिंडीसारखा. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की दुमजली महाल लागतो, हो, विहिरीतच. खांबांवर हत्ती-घोडे कोरलेत. वर मोटा लावायच्या जागा आहेत, त्यांवर उभं राहून खालचं हिरवं पाणी बघताना पोटात गोळा येतो.

उन्हाळ्यात आजोळी गेलो की दुपारी आम्ही पोरं महालात पत्ते कुटायचो. बाहेर चटके, आत अंगावर काटा. आजी वरून हाका मारायची, त्या आठही भिंतींवरून फिरून यायच्या, त्यामुळे ती नक्की कुठे उभी आहे ते कळायचं नाही आणि आम्हाला ऐकू न आल्याचं सोंग करता यायचं.

कपाटाचं म्हणाल तर भिंतीत कोनाडे आहेत, भागवून घ्या. गोदरेज पायऱ्यांवरच अडकेल.