घर विकण्याआधी ओटा आणि बाथरूम : थोडक्या खर्चात काय केलंत, काय फळलं?

धागाकर्ती, पुणे

आईबाबांचा सहकारनगरातला दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला काढतोय. इमारत 1989 ची. एजंट म्हणतो, किचन-बाथरूम नवं करा, भाव वाढेल. कंत्राटदाराने सगळं फोडून करायचा जो आकडा सांगितला, त्यात एखादी छोटी गाडी येईल. मला एवढं करायचं नाही, पण आहे तसं दाखवायचंही नाही. ज्यांनी लाख-दीड लाखाच्या आत काम उरकून घर विकलं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. भाव किती वाढला यापेक्षा गिऱ्हाईक कुठे थबकलं आणि कशावरून घासाघीस केली, ते समजलं तर जास्त उपयोग होईल. कंत्राटदारांचे नंबर नकोत.

डोंबिवली पूर्व

आमचा वन बीएचके. कडप्प्याचा जुना ओटा, कडा झिजलेल्या, सिंकखालचं लाकडी कपाट ओलाव्याने फुगलेलं. येणारा प्रत्येक जण ते दार उघडून बघायचा आणि म्हणायचा, "किचन पूर्ण करावं लागणार, दोन लाख कमी करा." म्हणून ओट्यावर काळा ग्रॅनाइट, 304 ग्रेडचं (सहसा न गंजणारं) स्टीलचं सिंक, नवा नळ आणि ओट्यावर दोन फूट टाइल्स एवढंच केलं. सिंकखालचं कपाट काढून टाकलं आणि जागा मोकळी ठेवली. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत. त्यानंतर किचनचा विषय कुणी काढला नाही. मागितलेल्या भावापेक्षा एक रुपया जास्त मिळाला नाही, हेही सांगते. पण ते दोन लाख वाचले.

ठाणे (सिव्हिल इंजिनीअर आहे, स्वतःचं घर गेल्या वर्षी विकलं)

ताई, 1989 ची इमारत म्हणताय, म्हणून जरा लांबड लावतो.

बाथरूमला नव्या टाइल्स लावण्याआधी खालच्या मजल्यावरच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा. त्या काळच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वरचा खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. टाइलच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) कडेने पाणी झिरपलं, की ते या भरावात साठतं आणि सावकाश खाली उतरतं. वरून सगळं चकाचक, खाली पोपडे. जाणतं गिऱ्हाईक खालच्या घराची बेल वाजवतंच. मी स्वतः घर घेताना वाजवली होती.

गळती कुठली, हे फोडाफोड न करता बऱ्यापैकी कळतं. नळ वापरा वा न वापरा, ओल कायम असेल तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या पाइपवर. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजतात. अंघोळी झाल्यावरच ओल वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. मग ट्रॅपला बोळा लावून फरशीवर इंच-दोन इंच पाणी एक-दोन दिवस उभं ठेवायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवायचं. खाली ओल वाढली तर दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या कडेला. काहीच फरक पडला नाही तर ट्रॅपच्या पुढचा पाइप तपासा.

फरशीचेच सांधे गेले असतील आणि टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजत नसतील, तर सगळं उखडायची गरज नाही. जुनं ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरलेला मसाला) कोरून काढायचं, फरशी पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि एपॉक्सी (पाणी न शोषणारं, रेझिनचं) ग्राउट भरायचं. ट्रॅपभोवतीची कड वेगळी सील करायची. आमच्या दोन बाथरूमना यासाठी पंधरा-सोळा हजार लागले. कोरडं होऊ देण्याच्या बाबतीत गवंडी घाई करतात, तिथे आपणच अडून बसायचं. टाइल्स पोकळ वाजत असतील तर मात्र ग्राउट भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि पोटतिडकीने सांगतो, गळती झाकून घर विकू नका. सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे (आदर्श उपविधी) गच्ची आणि सामायिक पाइपच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीकडे, पण आपल्या फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने. म्हणजे तुम्ही झाकलेली गळती नव्या माणसाच्या गळ्यात पडते, आणि त्याचं खालच्या कुटुंबाशी पहिल्याच पावसाळ्यात भांडण लागतं. मी ग्राउटिंगचं बिल आणि पाणी उभं करून बघितल्याचे फोटो खरेदीदाराला दिले. त्याने बाथरूमवरून घासाघीस केली नाही.

नाशिक

बँकांसाठी मूल्यांकनाचं काम करते. गृहकर्जासाठी आम्ही प्रामुख्याने क्षेत्रफळ, इमारतीचं वय व अवस्था, जागा आणि आसपासचे व्यवहार बघतो. तीन लाखांची मॉड्युलर ट्रॉली लावली म्हणून मूल्यांकन तीन लाखांनी वाढत नाही. कर्जाशिवाय घेणारे कमी असतात, तेव्हा ओतलेला पैसा तसाच वसूल होईल या हिशोबाने कृपया खर्च करू नका.

छत्रपती संभाजीनगर

आमच्याकडे बोअरचं पाणी, सगळीकडे पांढरे क्षार. नळ बदलायला निघालो होतो, प्लंबरने थांबवलं. नळांच्या तोंडाच्या जाळ्या आणि शॉवर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून साफ केले, गळणाऱ्या नळांची फक्त आतली कार्ट्रिज बदलली. काम काही शेकड्यांत झालं. टाइल्सवर मात्र बाजारातलं जळजळीत ॲसिड ओतू नका, ग्राउट खाऊन टाकतं. आणि संगमरवर किंवा शहाबादी फरशी असेल तर सायट्रिकसुद्धा नको.

रत्नागिरी

समुद्राजवळ घर असेल तर किचनच्या कपाटांची शटर (दारं) बदलण्याआधी बिजागऱ्या बघा. आमचं प्लाय उत्तम होतं, बिजागऱ्या आणि स्क्रू गंजून दारं लोंबत होती. 304 स्टीलच्या बिजागऱ्या लावल्या, वर नवा सनमायका चिकटवला. बघणाऱ्यांना नवं किचन वाटलं.

न्यू जर्सी

इकडचा अनुभव थोडा वेगळा, तरी लिहिते. कॅबिनेट न बदलता घासून रंगवले, मुठी बदलल्या, काउंटर तसाच ठेवला. इथे खरेदीदार स्वतःचा होम इन्स्पेक्टर आणतो. त्याने पहिलं बघितलं ते सिंकजवळच्या प्लगला जीएफसीआय (करंट गळला की लगेच वीज तोडणारं) संरक्षण आहे का. ते आधीच करून घेतलं होतं म्हणून यादी छोटी राहिली. दुसरं, फोडणीचा वास. आमची चिमणी हवा गाळून परत घरातच सोडणारी होती, तिला बाहेर काढणारा डक्ट जोडून घेतला. नव्या काउंटरपेक्षा या कामाने जास्त फरक पडला असं माझं ठाम मत आहे.

नागपूर

बाथरूममध्ये वायरिंग विसरू नका. दोन किलोवॉटचा गीझर साधारण नऊ अँपिअर घेतो, आणि जुन्या घरांत तो कुठल्याही साध्या पॉइंटवर लावलेला सापडतो. त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि मुख्य बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). विकायचं घर असो वा राहायचं, यात काटकसर नको.

धागाकर्ती

ठाणेकर, मनापासून आभार. खालच्या काकूंकडे आजच जाऊन आले. त्यांच्या छताला एका कोपऱ्यात ओल आहे, अंघोळींनंतर वाढते म्हणाल्या. आधी पाणी उभं करून बघू, टाइल्स नंतर. एक शंका : शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हलवायची आहे. पाइप गॅस आहे.

मुंबई, गोरेगाव

पाइप गॅसला गवंडी किंवा साध्या प्लंबरचा हात लागू देऊ नका. गॅस कंपनीकडेच अर्ज करा, त्यांची माणसं येऊन लाइन हलवतात आणि गळती तपासून देतात. वेळ लागतो, म्हणून ओट्याचा दगड कापायच्या आधी अर्ज टाका.

आणि प्रत्येक कामाचं पक्कं बिल घ्या. भांडवली स्वरूपाची सुधारणा असेल तर घर विकताना भांडवली नफ्याच्या (विक्रीतून झालेल्या, कर लागणाऱ्या नफ्याच्या) हिशोबात तो खर्च धरता येतो, नुसती रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती धरता येत नाही. कुठलं काम कशात बसतं ते सीएला काम सुरू करायच्या आधी विचारा. फ्लॅट आईबाबांच्या नावावर आहे ना? मग बिलंही त्यांच्याच नावाने.