मदत हवी आहे: जुन्या सागवानाच्या तुकड्यातून गाठ कोरतोय, वळणावर लाकूड तुटतंय

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून लिहितोय. मंगळवार पेठेतलं आमचं आजोळचं घर मे महिन्यात उतरवलं. तुळया, कडीपाट सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेलं, मी फक्त माजघराच्या चौकटीचे उरलेले तुकडे गोणीत भरून घरी आणले. आई, तीन मावश्या आणि मामा अशी पाच भावंडं त्या चौकटीतून ये-जा करत मोठी झाली, तर प्रत्येकाला त्याच लाकडाची एकेक छोटी गाठ कोरून द्यायची असं डोक्यात आहे, भाऊबीजेला सगळे एकत्र येणारेत आणि तेव्हा मामाच्या हातून बहिणींना द्यायची.

गाठ म्हणजे फांदीच्या जागी लाकडात असते ती नव्हे, दोरी एकमेकीतून ओवल्यासारखी दिसते तशी कोरीव गाठ. मी साधी तीन पाकळ्यांची घेतलीय, तीनच ठिकाणी पट्टी पट्टीवरून जाते, एकदा वरून एकदा खालून. आधी नाडा घेऊन ती खरोखर बांधून बघितली, टाचण्यांनी पुठ्ठ्यावर बसवली आणि त्यावरून कागदावर काढली, त्यामुळे वर कोण खाली कोण हा घोळ आता होत नाही.

घोळ पुढे होतो. तुकडा तीन इंच बाय तीन इंच, जाडी साधारण सहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पट्टी दोन सूत रुंद ठेवली. मधली भोकं ड्रिलने पाडली, बाहेरचा आकार बारीक करवतीने कापून घेतला आणि मग पटाशीने वरखाली कोरायला बसलो. आत्तापर्यंत तीन तुकडे गेले आणि तिन्ही एकाच जागी, जिथे पाकळी वळून लाकडाच्या रेषेला आडवी होते तिथे. जोर लावला असंही नाही, नुसती पटाशी टेकवून हलकी टिचकी मारली की टक्कन तुकडा बाजूला. तुटलेली जागा बघितली तर वरून काळपट दिसणारं लाकूड आतून मधाच्या रंगाचं, आणि तेवढ्या दोन सुतात रेषा एकीला एक खेटून आडव्या लागलेल्या, बिस्किट मोडावं तसं सरळ त्यांच्यावरूनच मोडलंय. वास मात्र अजून ताजा येतो, आई तो तुकडा कितीतरी वेळ नाकाशी धरून बसली होती.

दुसरं म्हणजे धार टिकत नाही. दहा मिनिटं झाली की पटाशी बोथट, मग ती कापायच्या ऐवजी चेपते.

गोणीत आता सातच चांगले तुकडे उरलेत, म्हणून विचारतोय. पट्टी जाड करू का? सागवान या कामाला चालतच नाही का? दुसरं लाकूड घ्या असं कृपया सांगू नका, ह्याच चौकटीचं पाहिजे.

प्रतिसाद, सांगली
दादा, लाकूड चालतं, तुमचा क्रम उलटा झालाय. बाहेरचा आकार आधी कापला की पाकळीला आधारच राहत नाही. ठोकळा अख्खा ठेवा, चार सूत खोलीपर्यंतच गाठ कोरा आणि खाली दोन सूत पाठ तशीच सोडा. पाठ काढायचीच असेल तर सगळ्यात शेवटी, मागून कानशीने हळूहळू घासून. माझं ऐकाल तर काढूच नका, पाठीवर नाव लिहिता येईल. पट्टी तीन सूत करा. जिथे पट्टी खाली जाते तिथे आधी धारदार चाकूने उभा काप द्या आणि उतार लांबून आणा, पायरी पाडू नका. आणि कोरताना नेहमी चढाकडून उताराकडे, प्रत्येक वळणावर लाकडाची रेष बदलते तेव्हा हात नाही, तुकडा फिरवायचा. धारेचं म्हणाल तर सागवानात सिलिका असते, ती धार खातेच. चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशचा साबण लावून ठेवा, दर पाच मिनिटांनी दोन हात मारा. जुनी चौकट आहे, खिळ्याचं तुटकं टोक आत असू शकतं, आधी लोहचुंबक फिरवा.

प्रतिसाद, मिरज
पहिली गाठ चौकटीच्या लाकडावर करू नका भाऊ. आमच्याकडे सतारी-तंबोरे करणाऱ्यांकडे तुणीच्या लाकडाचे तुकडे उरतात, मऊ असतं, मागितलं तर देतात. शिवणीचं लाकूड मिळालं तरी उत्तम. त्यावर दोन गाठी करा, हात बसला की मग सागवान. तुटलेले तीन तुकडे टाकले नाहीत ना? ताजी तुटलेली कड नीट जुळते, फेव्हिकॉल लावून रबराने रात्रभर आवळून ठेवा, सांधा दिसणारही नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. तुकडे टाकले नाहीत, डबीत आहेत. काल रात्री पाठ ठेवून तीन सुताची पट्टी केली, पहिली पाकळी पूर्ण वळली आणि शाबूत आहे!! दादांनी सांगितलेला लांबून उतार आणला तर पट्टी खरंच खालून गेल्यासारखी वाटते, मी इतके दिवस पायरीच पाडत होतो. रविवारी मिरजेला येतोय तुणीसाठी. एकच राहिलं, शेवटी जवसाचं तेल लावू की मेण?

प्रतिसाद, सांगली
तेल लावा, अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून काढा, मग चांगलं वाळू द्या. घाई करू नका, कच्चं तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं, म्हणजे भाऊबीजेच्या आधी तीन आठवडे तरी लावून झालं पाहिजे. आणि तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.