रेझिडेंट ईव्हिल ४ रीमेक: किल्ल्यात पोचलोय, पैसे कोणत्या बंदुकीवर घालू?

चिमणराव_२.०

२०२३ चा रीमेक (व्हिडिओ गेम), स्टँडर्ड डिफिकल्टी, चॅप्टर ७ ची सुरुवात. हातात साधारण २८,००० पेसेटा (गेममधलं चलन). एसजी-०९ आर आणि पनिशर या दोन्ही हँडगन अर्धवट अपग्रेड केल्यात. तळ्यातल्या मोडक्या जहाजातून रेड९ ही तिसरी हँडगन मिळाली, ती नुसती पडून आहे. शॉटगन डब्ल्यू-८७०, रायफल एसआर एम१९०३. आता मर्चंटकडे (गेममधला दुकानदार) ब्लॅकटेल हँडगन, रायट गन ही शॉटगन, ब्रोकन बटरफ्लाय मॅग्नम असं सगळं एकदमच आलंय. नवीन घेऊ की आहेत त्याच वाढवू? शिवाय एलेगंट मास्क (खडे बसवायचा दागिना) आणि थोडे खडे आहेत, ते विकून टाकू का?

गोळीबंद

तुमचा घोळ बंदुकांचा नाही, पैसे वाटून टाकल्याचा आहे. तीन हँडगन एकच गोळी खातात, त्यामुळे तीन असल्या तरी मारा तिप्पट होत नाही, सामानाच्या केसमधली जागा मात्र तिप्पट जाते. एक ठेवा, दोन विका. अपग्रेडमुळे विक्रीची किंमत वाढते आणि आकडा विकण्याआधीच स्क्रीनवर दिसतो, त्यामुळे घातलेलं सगळं पाण्यात जात नाही. पनिशर तर तुम्ही स्पिनेल (मर्चंटकडे अदलाबदलीला चालणारे खडे) देऊन घेतलेली, तिचे रोख पेसेटा हातात येतील.

कोणती ठेवायची ते शेवटच्या एक्स्क्लुझिव्ह अपग्रेडवरून ठरवा. एसजी-०९ आर ला क्रिटिकल हिटची (जादा मार देणाऱ्या गोळीची) शक्यता ५ पट, पनिशरला आरपार जाण्याची ताकद ५ पट, रेड९ आणि ब्लॅकटेलला पॉवर दीड पट. पनिशर एका रांगेत आलेल्या टोळीवर छान चालते, पण किल्ल्यातले पंथवाले तुमच्या सोयीने रांग लावत नाहीत. मी रेड९ म्हणेन. मूळची पॉवर हँडगनांत सगळ्यात जास्त, आणि फुकट मिळालेली. तिचा दोष एकच, हलते फार. स्टॉक जोडला की तो जातो, पण स्टॉक केसमध्ये वेगळी जागा खातो हे धरून चाला.

रात्रपाळी

रेड९ वर सहमत नाही. फायर रेट हळू. चार जण अंगावर धावून आले की एकेक गोळी मोजून मारायला वेळ कुठे असतो? ब्लॅकटेल घ्या, सगळ्या बाबतीत मध्यम ते चांगली, स्टॉकची कटकट नाही. रेड९ विकली तर ब्लॅकटेलचा काही खर्च तिथेच निघतो.

बाकी "एकच ठेवा" याला +१.

गोळीबंद

चालेल, ब्लॅकटेलही वाईट नाही. फक्त दोन्ही नको.

शॉटगनचं सांगायचं राहिलं. रायट गनच्या छर्‍यांचा पसारा आटोपशीर आहे, म्हणून थोड्या अंतरावरही लागते. पण डब्ल्यू-८७० चं एक्स्क्लुझिव्ह पॉवर थेट दुप्पट करतं, रायट गनचं दीड पट. किल्ल्यात लाकडी ढाली घेतलेले येतात, त्या शॉटगनने फुटतात आणि तेव्हा ते हातभर अंतरावरच असतात. तिथे पसारा मोठा असला तरी काही बिघडत नाही. सध्या डब्ल्यू-८७० च वाढवा. मॅग्नम आत्ता अजिबात नको: ब्रोकन बटरफ्लाय ४२,००० ची, आणि गोळ्या इतक्या तुटपुंज्या मिळतात की बहुतेक वेळ ती केसमध्येच झोपून राहील.

खणखणीत_नाणं

खडे सुटे विकू नका!! सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

खड्यांचे दोन आकार. गोल: माणिक ३,०००, नीलम ४,०००, पिवळा हिरा ७,०००. चौकोनी: पाचू ५,०००, अलेक्झांड्राइट ६,०००, रेड बेरिल ९,०००. दागिन्यात बसवले की रंगांच्या जुळणीवर गुणक लागतो, आणि तो गुणक नुसत्या खड्यांना नाही, दागिन्यासकट सगळ्या बेरजेला लागतो. म्हणून मोठा गुणक महागड्या दागिन्यावर वापरायचा.

पुढे एलेगंट क्राउन मिळेल, मूळ किंमत १९,०००, खाचा पाच: तीन चौकोनी, दोन गोल. त्यात रेड बेरिल, अलेक्झांड्राइट, पाचू, पिवळा हिरा आणि नीलम बसवा. बेरीज ५०,०००. पाच वेगळे रंग म्हणून गुणक २, म्हणजे बरोबर १,००,०००. एका वस्तूचे एक लाख मिळाल्याची ट्रॉफीही त्यातच येते. गोची अशी की माणिक आणि रेड बेरिल दोन्ही लाल. नीलमच्या जागी माणिक घातलं की चारच रंग उरतात आणि लाख हुकतो.

मास्कला तीन गोल खाचा. माणिक, नीलम, पिवळा हिरा असे तिन्ही असतील तर आत्ता भरून विका. मात्र पिवळा हिरा आणि नीलम एकेकच असतील तर मुकुटासाठी राखा, मास्क थांबेल.

रात्रपाळी

अपग्रेडच्या क्रमाबद्दल. आधी पॉवर. मॅगझिनची क्षमता शेवटी ठेवा, आणि तीही मॅगझिन रिकामं असताना वाढवा, कारण क्षमता वाढवली की बंदूक फुकटात पूर्ण भरून मिळते. भरलेल्या मॅगझिनवर ते अपग्रेड घेतलं की गोळ्यांचा फायदा गेलाच. रायफल आणि मॅग्नमला याची किंमत खरी कळते.

आणि स्पिनेल देऊन मिळणाऱ्या एक्स्क्लुझिव्ह तिकिटाची घाई नको. एरवी बाकीची सगळी अपग्रेड पूर्ण झाल्यावरच एक्स्क्लुझिव्ह उघडतं, तिकीट असेल तर ती अट नाही. पूर्ण होत आलेल्या बंदुकीवर ते घालणं म्हणजे स्पिनेल वाया. जिला अजून बरंच अंतर आहे आणि जिचं एक्स्क्लुझिव्ह पॉवर वाढवतं, तिच्यावर घाला.

चिमणराव_२.०

एसजी आणि पनिशर दोन्ही काढतो, रेड९ ठेवतो. रायफल विकली तर चालेल का? फारशी वापरात नाही.

गोळीबंद

रायफल नको विकू! पुढे बेटावर रीजनरेटर (जखमा भरून काढत राहणारे शत्रू) येतात. तिथल्या फ्रीझरमध्ये बायोसेन्सर स्कोप मिळतो, तो रायफललाच बसतो आणि त्यातूनच त्यांच्या आतले परजीवी दिसतात. ते फोडले नाहीत तर गोळ्या ओतत बसावं लागतं. एसआर एम१९०३ चं एक्स्क्लुझिव्हही पॉवर दुप्पट करणारं आहे, म्हणजे वरचं तिकीट हिच्यावरही शोभेल. जागा अडत असेल तर टाइपरायटरपाशी (जिथे गेम सेव्ह होतो) स्टोरेजमध्ये टाका.

खणखणीत_नाणं

त्या २८,००० तून थोडे चाकूसाठी बाजूला ठेवा. दुरुस्तीचा खर्च किती झिजलाय त्यावर असतो, आणि किल्ल्यात पॅरी करण्यात (शत्रूचा वार चाकूने अडवण्यात) तो भराभर झिजतो. तुटला तर दुरुस्त करेपर्यंत हातात काही नाही. सापडणारे किचन नाइफ आणि बूट नाइफ वापरून फेकायचे, त्यांना दुरुस्ती नाही. म्हणून खाली पडून तडफडणाऱ्यांना भोसकायला ते वापरा, मुख्य चाकू पॅरीसाठी राखा.